ईबी-५ : डॉलर जमले, दाखला अडला

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या भारतीयाला ईबी-२ची, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या ग्रीन कार्डची, रांग काय असते ते सांगायला नको. त्या रांगेला कंटाळून मी ईबी-५, म्हणजे गुंतवणुकीतून ग्रीन कार्ड, धरलं. ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागातल्या प्रकल्पात ८ लाख डॉलर गुंतवायचे (इतरत्र १०.५ लाख) आणि त्यातून अमेरिकेत १० पूर्णवेळ नोकऱ्या उभ्या राहायला हव्यात. मार्च २०२२च्या कायद्याने अशा प्रकल्पांना राखीव व्हिसा दिले, शिवाय अमेरिकेतच असाल तर आय-५२६ई या गुंतवणूकदाराच्या अर्जासोबत आय-४८५ हा ग्रीन कार्डचा अर्जही भरता येतो. प्रकल्प, वकील, फॉर्म सगळं बिनबोभाट झालं.

घोडं अडलं गावाकडे. ३ लाख डॉलर माझ्या शेअर्सचे, ५ लाख आबांनी शेतजमीन विकून भेट दिलेले. भेट असली तरी देणाऱ्याकडे पैसा कुठून आला ते दाखवावं लागतं. सातबारा, फेरफार, खरेदीखत, इंडेक्स टू, सगळं होतं. वकीलबाईंनी एकच प्रश्न विचारला : कोट्यवधींची विक्री, मग विवरणपत्रात कर का नाही?

कारण कर लागतच नाही. ग्रामीण शेतजमीन प्राप्तिकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरत नाहीत. फक्त ती नगरपालिका हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेर हवी. लोकसंख्या १ लाखापर्यंत असेल तर २ किमी, १० लाखांपर्यंत ६, त्यापुढे ८. आमच्या शेजारच्या शहराला ६ लागू. मग आणा अंतराचा दाखला!

तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "असा दाखला आमच्याकडे नसतो, तहसीलला जा." तहसीलमध्ये म्हणाले, "आधी तलाठ्यांचा अहवाल आणा." दादा दोन्हीकडे चपला झिजवत राहिला. मला इथे रात्री झोप नाही, कारण प्रकल्पात गुंतवणूकदाराची जागा कायम धरून ठेवत नाहीत. शेवटी कागद आला : 'सदर गट नगरपालिका हद्दीपासून रस्त्याने ९ कि.मी. अंतरावर आहे.' सीएने तो तसाच परत केला. कायद्यात हवाई अंतर आहे. दादा पुन्हा गेला, तर कारकून म्हणतो, "हवाई अंतर मोजायला आमच्याकडे विमान आहे का?"

मग दादानेच डोकं चालवलं. गट नंबर टाकलेल्या नकाशावर सरळ रेघ मारली, प्राप्तिकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम २(१४)ची प्रत जोडली, दाखल्याचा मजकूर स्वतः टाइप केला आणि लेखी अर्ज देऊन आवक नंबर घेतला. आवक नंबर पडला की कागद हलतो. त्याआधीचं सगळं तोंडी, म्हणजे शून्य. जमीन विकायचा विचार असेल तर हा दाखला खरेदीखताआधीच काढा. नंतर त्या गटाशी तुमचा संबंध काय, इथून सुरुवात होते.

पैसे पाठवताना एलआरएसची (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) मर्यादा माणशी वर्षाला २.५ लाख डॉलर. वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणून आबांनी निम्मे मार्च २०२५मध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये पाठवले. बँक वर २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतलेला कर) कापते (तेव्हा ७ लाख रुपयांच्या पुढे, १ एप्रिल २०२५पासून १० लाखांच्या पुढे). विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो, पण तोवर ती रक्कम अडकते. जमीन विकतानाच तेवढे पैसे बाजूला धरा.

आणि हो, मराठी कागदांच्या भाषांतराला नोटरी लागत नाही. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, एवढं भाषांतरकाराने सही करून लिहून दिलं की चालतं. आमच्याकडून एकाने प्रत्येक पानाचे नोटरीचे पैसे उकळले.