खवाट्याखालची घडी

परवा शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत मुलांची मापं घ्यायला गेले होते. आमची पाहणी छोटीशी, माणसं तीनच: वजन-उंची एकीकडे, रक्ताचा थेंब घेणारी दुसरीकडे आणि कॅलिपर, म्हणजे कातडीच्या घडीची जाडी मोजणारा चिमटा, माझ्याकडे. चौथीतला एक मुलगा शर्ट काढून पुढ्यात उभा राहिला. हातापायांच्या काड्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. बाई म्हणाल्या, "याच्या अंगी काही लागतच नाही." मी त्याच्या डाव्या खवाट्याच्या टोकाखाली पेनानं खूण केली, कातडी चिमटीत धरली, कॅलिपर लावला, मनात दोन आकडे मोजले आणि वाचलं: 11 मिलिमीटर. पुन्हा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. तेच. एवढ्या हडकुळ्या पोराच्या पाठीवर एवढी चरबी!

एका मापावरून काही ठरत नाही, हे मला माहीत आहे. पण हे माप घेताना दर वेळी मला पुणे आणि इंग्लंडमधलं साउदॅम्प्टन आठवतात.

1993 साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. सोबत साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल होत्या. जन्माच्या वेळचं वजन आणि पुढे मोठेपणी होणारे मधुमेहासारखे आजार यांचा संबंध मांडणारे डेव्हिड बार्करही तिथलेच. इथल्या 631 आणि तिथल्या 338 पूर्ण दिवसांच्या बाळांची मापं शेजारी ठेवली गेली. आपलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, त्यांचं 3.5 किलोचं. म्हणजे आपली बाळं लहान, एवढंच ना? नाही. पोटाचा घेर फार कमी, दंडाचा घेर कमी, म्हणजे आतले अवयव आणि स्नायू कमी. पण खवाट्याखालची घडी? तिच्यात फरक सगळ्यांत थोडा. बाळ बारीक, तरी चरबी राखून असलेलं. 2003 साली हे छापून आलं आणि 'थिन-फॅट' बाळ जगाला माहीत झालं. पुढच्याच वर्षी याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर काढलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के.

परदेशी सहकार्य म्हटलं की लोकांना निधी, विमानप्रवास, परिषदा आठवतात. मला ते सहकार्य चिमटीत दिसतं. दोन देशांतल्या बायकांनी तान्ह्या बाळाच्या पाठीवर एकाच जागी, एकाच पद्धतीनं चिमूट धरली म्हणून ती तुलना उभी राहिली. जागा बोटभर सरकली तरी आकडा बदलतो. शिकत असताना एकाच मुलीच्या पाठीवर माझं आणि माझ्या सहकारी मैत्रिणीचं माप 3 मिलिमीटरनं वेगळं आलं होतं. मी खूण न करता अंदाजानं धरलं होतं. त्या दिवसाची सगळी मापं आम्ही बाद केली. तेव्हापासून पेन सुटला नाही.

त्या सहा गावांतली मुलं सहा वर्षांची झाल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली आणि मला तीच जास्त लागते. गरोदरपणात ज्या आयांच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांचं शरीर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनला सगळ्यांत कमी दाद देत होतं. सहाव्या वर्षी! एवढ्यावरून फॉलिक ॲसिडच्या, म्हणजे फोलेटच्याच, गोळ्या कुणी बंद करू नयेत, त्या बाळाच्या मज्जारज्जूसाठी लागतातच. पण बी-12 भाजीभाकरीतून मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे, मटणातून येतं. 2012 पासून त्याच मुलांना, मुली आणि मुलगे दोघांनाही, ते आईबाप व्हायच्या आधीच बी-12 देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. किती लांबचा विचार!

शाळा सुटल्यावर त्या मुलाची आई आली. बरोबर सातवीतली त्याची बहीण. आईनं विचारलं, "ताई, आता याला काय खायला घालू? तूप वाढवू का?" मी म्हटलं, तूप नको, त्याला खेळू द्या, डाळ-उसळ वाढवा. मग मुलीकडे वळून विचारलं, "तू दूध पितेस?"

"चहा पिते."

"घरी जनावरं आहेत ना?"

"दोन गायी हायेत," आई म्हणाली, "पण दूध डेअरीला घालतो. चहापुरतं ठेवतो. ह्याला रातच्याला कपभर देते."

"आणि हिला?"

आई गप्प झाली. मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, गावांचं, बाळांचं, सहा वर्षांच्या पोरांच्या रक्ताचं. मुलगी ऐकत होती. मग आईनं विचारलं, "म्हंजे हिच्या पोटच्या पोरांसाठी आत्तापासून?"

"हो. आणि हिच्या स्वतःसाठी."

तिनं मनातल्या मनात हिशोब केला. "अर्धा लिटर मागं ठेवीन," ती म्हणाली, "दोघांत."

पुढच्या महिन्यात मी परत जाणार आहे. मुलाचं माप पुन्हा घ्यायचं आहे आणि मुलीचं पहिल्यांदा.