'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही'

हे वाक्य माझ्याकडे तीन पत्रांवर आहे. दोन कार्यालयांची पत्रं, मजकूर जवळजवळ तोच. मागणी एवढीच होती: वादळ-पुरात खाडीकाठच्या वाड्या खाली करताना ज्या शाळेत माणसं नेतात, त्याच आवारात त्यांच्या कुत्र्या-मांजरांना आणि शेळ्यांना जागा द्यावी, आणि हे जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात लेखी असावं. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आणि 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर, दोन्ही कोकणाने पाहिलेत. गोठ्यात जनावर बांधलेलं असताना घर सोडायला माणूस तयार होत नाही, हे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. कागदावर मात्र ते कुठेच नव्हतं.

ग्रामसभेचा ठराव 26 जानेवारीला सहज झाला. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ठरावावर क्रमांक, सूचक आणि अनुमोदक यांची नावं हवीत, आणि प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात घ्यावी.

अडलं ते पुढे. ठरावासह केलेला अर्ज जिल्ह्याच्या आपत्ती शाखेने 'पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव' पशुसंवर्धन विभागाकडे पाठवला. तिथून उत्तर आलं की आमचं काम उपचार, लसीकरण आणि पंचनामा. निवारा आमच्याकडे नाही, आणि कुत्री-मांजरं पशुधनात मोडत नाहीत. मी 2019 च्या पशुगणनेचा दाखला जोडला, कारण त्या गणनेत कुत्री मोजली आहेत. अर्ज परत आपत्ती शाखेकडे आला. तिथून तो ग्रामपंचायतीकडे गेला, म्हणजे ज्यांनी ठराव केला त्यांच्याकडेच. या फेऱ्यांत मार्च संपला. पावसाळापूर्व बैठक तोंडावर आलेली असताना प्रत्येक टेबलावर तेच ऐकून घ्यायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

असं का होतं ते कायदा वाचल्यावर कळतं. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 च्या कलम 25 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पोलीस अधीक्षक आणि आरोग्य अधिकारी पदसिद्ध सदस्य असतात. पशुसंवर्धन अधिकाऱ्याचं पद त्या यादीत नाही. राज्य सरकार जास्तीत जास्त दोन जिल्हास्तरीय अधिकारी नेमू शकतं, त्यांतून तो आला तर आला. कलम 12 मध्ये मदत छावणीच्या किमान दर्जाबाबत निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय सोय आणि स्वच्छता आहे, जनावरं नाहीत. पैशाचंही तसंच. आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-23 ते 2025-26 च्या निकषांत दुभती गाय किंवा म्हैस मेली तर 37,500 रुपये आहेत, शेळी मेली तर 4,000. कुत्र्या-मांजरासाठी काहीच नाही. म्हणजे जनावर मेल्यावर पंचनामा कुणी करायचा हे ठरलेलं आहे. ते जिवंत असताना कुठे बांधायचं हे कुणाचंच काम नाही. म्हणून मागणीचं पत्र ज्या टेबलावर जातं तिथलं माणूस खरंच 'माझं नाही' म्हणू शकतं.

शेवटी माहिती अधिकारात दोन्ही कार्यालयांच्या नस्तींवरच्या, म्हणजे फायलींवरच्या, टिपण्या मागवल्या. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत 30 दिवस. म्हणून दोन कार्यालयांना दोन अर्ज. टिपण्यांत सगळं उघडं पडलं: एका नस्तीत 'पशुसंवर्धनचा अभिप्राय घ्यावा', दुसरीत 'आपत्ती शाखेने मागणी केल्यास अभिप्राय देता येईल'. दोघं एकमेकांच्या पत्राची वाट पाहत होते. हे मी पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं, तुम्ही करा.

मग अर्ज नव्याने लिहिला. 'मुक्या जनावरांसाठी' हे शब्द काढले आणि विषय केला 'नागरिकांच्या वेळेत स्थलांतरातील अडथळा दूर करणे'. संदर्भात कलम 31, कारण त्यानुसार आराखड्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करावा लागतो. मागणी तीन वाक्यांत वाटून दिली: जागा आपत्ती शाखेने नेमावी, लसीकरण आणि पशुवैद्यक पशुसंवर्धनने द्यावा, किल्ली, पाणी आणि साफसफाई ग्रामपंचायतीने पाहावी. शाळा व्यवस्थापन समितीचं संमतीपत्र सोबत जोडलं. या वेळी पत्र परत आलं नाही.

आरोग्य शाखेचा आक्षेप रास्त होता, तो टाळू नका. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) जंतू उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मुतातून पसरतात आणि आपल्याकडे पावसात हा आजार असतोच. म्हणून नकाशाच जोडला: जनावरांसाठी मागची पडवी किंवा मांगर (बाजूची छपरी), त्याचं गटार विहिरीच्या आणि स्वयंपाकाच्या उलट दिशेला, कुत्री शेळ्यांपासून लांब, दोरी आखूड, मांजर झाकणाच्या टोपलीत किंवा पिंजऱ्यात. रेबीजच्या लसीची नोंदवही सोबत हवी, म्हणून वाडीतलं लसीकरण मेपूर्वी उरकावं. तीन दिवसांचं खाणं मालकाने आणायचं.

आधीच सांगायला हवं होतं: प्रत्येक अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. नुसती सही पुरत नाही.

कुणी विचारेल, अमेरिकेत तर 2006 साली कतरिना वादळानंतर पाळीव प्राण्यांच्या स्थलांतराचा कायदा झाला, तो का नाही दाखवायचा? दाखवा, पण नीट. त्या कायद्याने राज्यांच्या आणि स्थानिक आपत्ती आराखड्यांत पाळीव प्राणी आणि सेवा देणारे प्राणी धरावे लागतात. प्रत्येक निवाऱ्याने कुत्रं घेतलंच पाहिजे असं तो म्हणत नाही. जास्त सांगितलंत तर पुढचा माणूस तेवढंच खोडून काढतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचंही तेच. वाजवी कारणाशिवाय जनावर उपाशी-तहानेलं टाकून देणं कलम 11 मध्ये गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. पुरात घर सोडणाऱ्याकडे वाजवी कारण असतं. तो कायदा मालकावर रोखू नका. जागा द्यायची जबाबदारी कुणाची, हे विचारा.

आणि जागा झाली नाही, पाणी चढलं, तर निघताना दावं सोडा. बांधलेलं जनावर पोहू शकत नाही. जिल्हा नियंत्रण कक्ष 1077 आणि पशुवैद्यकीय सेवेचा 1962 हे क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा.

मेच्या बैठकीत आमचं वाक्य आराखड्यात गेलं, पण मध्ये 'जागेच्या उपलब्धतेनुसार' हे शब्द घुसले. ते काढून शाळेचं नाव घालण्याचा ठराव 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी लिहून ठेवला आहे.