तुम्ही विचारलंत म्हणून: तीच सिरीयल दरवर्षी का बघते

"काहून बघते बाई तू दरवर्षी तेच इंग्रजी युद्ध?" मावशीपासून ऑफिसातल्या पोरींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, आणि मी दरवेळी "आवडते म्हणून" इतकंच सांगून सुटते. आज नीट सांगते.

'बँड ऑफ ब्रदर्स', २००१ची, दहा भाग, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन पॅराट्रूपर्सची तुकडी, ईझी कंपनी. मला गोळीबार बघायची हौस नाही हो. मला बेल्जियममधल्या बॅस्टोनच्या जंगलातले ते खड्डे बघायचे असतात, बर्फात दोघं दोघं चिकटून बसलेले, अंगावर थंडीचे धड कपडे नाहीत, आणि तो मेडिक यूजीन रो या खड्ड्यातून त्या खड्ड्यात कात्री माग, मॉर्फिन माग करत फिरतो. आणि सुरुवातीला खरे म्हातारे सैनिक बोलतात, त्यांची नावं शेवटच्या भागापर्यंत सांगतच नाहीत.

"आपले जवान नाही का दिसत तुला?" असं कुणी म्हटलं की मात्र डोकं फिरतं. माझे बाबा आपल्याच लष्करात, ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये होते, ट्रेनिंग इथंच, कामठीला. माझ्या दहावीच्या रिझल्टच्या दिवशी ते काटोलला युनिटमधल्या दोस्ताच्या घरी होते, तेव्हापासून मला ती सगळी दोस्ती डोळ्यांत खुपायची, हेही खरं आहे.

२०१९चा मे. दुपारी कूलरसमोर मी सातवा भाग लावलेला, बाबा पेपर वाचत होते. जानेवारी १९४५, फॉय गावाजवळचं जंगल, तोफा सुरू, जो टॉय जखमी होऊन उघड्यावर पडलाय. बिल गार्नियर खड्ड्यातून निघतो, त्याला ओढायला लागतो, आणि पुढचा गोळा त्या दोघांवरच. दोघांचाही एकेक पाय जातो. बाबांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "मी नव्हतो गेलो त्याले आणाले."

मी म्हणाले, "बाबा, सिरीयल आहे ती." आणि पुढे बघत राहिले. पॉजसुद्धा केलं नाही.

ते उठून मागच्या अंगणात गेले. संध्याकाळी भाजी आणायला गेले, नेहमीसारखे. विषय परत निघाला नाही, आणि २०२१ला ते गेले.

मी काय वाईट बोलले होते? सिरीयलच होती ना ती. जन्मभर एक शब्द न सांगणारा माणूस असा मध्येच बोलला तर कुणाला कळणार, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. पण मला कळलं होतं. त्यांचा आवाज वेगळा होता, तो मला ऐकू आला होता, आणि मला भीती वाटली म्हणून मी तसं बोलले.

आता त्या जागी दरवेळी पॉज करते. आई म्हणते माणूस गेला, आता काय उकरत बसतेस. "त्याले" म्हणजे कोणाला, कुठे, कधी, काहीच माहीत नाही. बाबांच्या डायरीतल्या दोन नंबरांवर फोन करून पाहिला. एक लागत नाही. दुसऱ्या काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग विचारलं, "पोरगा कितवीत आहे तुझा?"