सात मिनिटांचं पाणी

एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा पास झालेली मुलं माझ्याकडे रविवारी सकाळी साडेसहाला येतात. मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. ९०० गुणांच्या लेखीत गणिताचे ३००, आधी त्यासाठी मुलं येतात आणि मग एसएसबीच्या, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचणीच्या, तयारीलाही माझ्याच पडवीत बसतात. इंदूरच्या मुलांना फौज परकी नाही. महूची लष्करी छावणी तासाभरावर आहे, लहानपणापासून रस्त्यावर हिरव्या गाड्या बघत मोठी झालेली ही मुलं. घरातलं कुणी मात्र कधी फौजेत गेलेलं नसतं, त्यामुळे पुढचं विचारायचं कुणाला, हा प्रश्न असतोच.

एसएसबीत नावाने हाक मारत नाहीत. छातीवर नंबर बांधतात, तो चेस्ट नंबर. मीही जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर नंबर लिहून देते. ज्याच्याबद्दल सांगतेय तो सात नंबर. लोकमान्यनगरात आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतो, म्हणून मला काकू म्हणतो. भोपाळच्या एसएसबीचं बोलावणं आलं होतं, दोन आठवडे उरले होते.

त्या दिवशी मी सगळ्यांना पीआयक्यू भरून आणायला सांगितला होता. हा निवड मंडळापुढे हाताने भरायचा माहितीचा फॉर्म. घरचे काय करतात, दहावीपासूनचे गुण, खेळ, छंद, एनसीसी, कुठे कसली जबाबदारी सांभाळली. मुलाखत घेणारा अधिकारी तो समोर ठेवूनच प्रश्न विचारतो. सात नंबरचा फॉर्म बघून मला आधी बरं वाटलं. बास्केटबॉल, शाळेचा संघ. गिटार. फोटोग्राफी. चरित्रवाचन. हाऊस कॅप्टन. वडील : व्यवसाय.

मी बास्केटबॉलपासून सुरुवात केली. कुठल्या जागेवर खेळतोस? शेवटचा सामना कधी? कुणाशी? हरलात तर कशामुळे? मैदान केवढं असतं? पहिल्या प्रश्नाला तो बोलला, दुसऱ्याला अडखळला, तिसऱ्याला कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गिटारच्या तारा सहा एवढंच ठाऊक होतं. हाऊस कॅप्टन म्हणजे स्नेहसंमेलनाच्या दिवशी दाराशी उभं राहणं. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "काकू, एका क्लासने भरून दिलाय. असा लिहिला की फॉर्म वजनदार होतो म्हणाले."

मला राग त्या क्लासचा आला, पण बोलता येईना. कारण तीन वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केलं होतं. एसएसबीत मुलाला स्वतःबद्दल लिहावं लागतं : आईवडील तुझ्याविषयी काय म्हणतील, शिक्षक काय म्हणतील, मित्र काय म्हणतील, तुझं स्वतःचं मत काय. एका हुशार मुलाला ते सगळं मी लिहून दिलं होतं, चांगल्या भाषेत, घोटवून घेतलं होतं. तो पाचव्या दिवसापर्यंत टिकला आणि कॉन्फरन्समधून, म्हणजे मंडळाच्या शेवटच्या बैठकीतून, परत आला. का नाकारलं हे मंडळ सांगत नाही, तेव्हा माझ्यामुळेच असं मी म्हणू शकत नाही. पण तो पोरगा मला म्हणाला होता, "मुलाखतीत तुमची वाक्यं आठवत बसलो होतो." ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

तिथे तिघं तीन बाजूंनी बघतात. मानसशास्त्रज्ञ फक्त लिहिलेलं वाचतो, मुलाखतीचा अधिकारी बोलतं करतो, जीटीओ, म्हणजे गटाच्या कसोट्या घेणारा अधिकारी, मैदानावर बघतो. मनसा, वाचा, कर्मणा. आपापली मतं ते कॉन्फरन्सलाच एकमेकांसमोर मांडतात. मानसशास्त्रज्ञाच्या लेखी चाचणीत ६० शब्दांवर ६० वाक्यं, प्रत्येकाला १५ सेकंद. मग ६० प्रसंग, त्यात तू काय करशील ते लिहायला अर्धा तास. तेवढ्या वेळात आतून येईल तेच कागदावर उतरतं. गिटारवाला मुलगा मनातही नाही, मैदानावरही नाही, फक्त फॉर्मवर, असं झालं तर तिघांचा मेळ बसायचा कसा?

हे मी सांगत होते आणि सात नंबरचा मोबाइल वाजत होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी चिडले. तो उठलाच. "काकू, माफ करा, आज नळाचा दिवस आहे. नर्मदा आली. मी गेलो नाही तर भांडणं होतील."

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमचं पाणी नर्मदेचं, सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून पंपाने चढवून आणलेलं, आणि एक दिवसाआड येणारं. ज्या इमारतीत चौदा घरं आणि एक हौद, तिथे नळाचा दिवस म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं. तरी याच्यावाचून काय अडतंय असं मला वाटलं. बाकीच्यांना लेक्चरेटचे, म्हणजे छोट्या भाषणाचे, विषय देऊन मी त्याच्या मागे गेले.

हौदाचं झाकण उघडं होतं. त्याने बांबूची एक काठी आत सोडली, बाहेर काढून ओली खूण बघितली. काठीवर दर फुटाला आडवी लाल रेघ होती. आईचं नेलपॉलिश, रंग पाण्यात सुटायचा म्हणून. "तीन फूट," तो म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत गच्चीवर गेला. तिथे चौदा टाक्या, चौदा व्हॉल्व्ह आणि दारामागे खडूने लिहिलेली यादी.

मी गणिताची शिक्षिका, मला राहवेना. "तीन फूट म्हणजे किती लिटर रे?"

"हौद आठ बाय सहा. एका फुटाला साधारण १,३६० लिटर. तीन फुटांचे ४,०८०. घरटी २९०. पाचशेची टाकी भरायला मोटरला बारा मिनिटं लागतात, मी लावून बघितलंय. म्हणून प्रत्येकाला सात मिनिटं." बोलताना त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. सात मिनिटं झाली, एक व्हॉल्व्ह बंद, पुढचा उघडला. कान आता लाल नव्हते.

मी मनात हिशेब केला. बरोबर होता.

"कधीपासून करतोयस?"

"दहावीच्या उन्हाळ्यापासून. दोन घरांत हाणामारी होता होता राहिली होती."

मग मी मुलाखतीतला प्रश्न विचारला. चुकलं कुठे? या वेळी तो अडखळला नाही. सुरुवातीला त्याने मजल्यांप्रमाणे क्रम लावला होता. मध्येच वीज गेली की शेवटची दोन-तीन घरं कोरडी राहायची, आणि दर वेळी तीच. एका आजींनी त्याला जिन्यात सगळ्यांसमोर सुनावलं. "मला वाईट वाटलं, पण त्यांचं खरं होतं. त्या दिवशी आमच्या टाकीतलं पाणी बादल्यांनी त्यांना दिलं. मग क्रम फिरता केला. जिथे थांबलं, तिथून पुढच्या वेळी सुरुवात."

"हे फॉर्ममध्ये का नाही?"

"ते पद थोडंच आहे, काकू? घरचं काम आहे."

खाली आल्यावर त्याने तो फॉर्म स्वतः फाडला. मी कोरा दिला आणि उठून आत गेले. मला समोर बसायचंच नव्हतं, पुन्हा एखादं वाक्य सुचवून बसले असते. तासाभराने त्याने कागद दाखवला. खेळ : गल्लीतलं क्रिकेट, संघात नाही. छंदात गिटार नव्हती. बिघडलेल्या मोटरी उघडून बघणं होतं, आणि ते खरंच होतं, गेल्या वर्षी आमचीही त्यानेच सुरू करून दिली होती. जबाबदारीच्या रकान्यात चौदा घरांचं पाणी, दोन वर्षं. वडिलांच्या पुढे व्यवसाय खोडून लिहिलं होतं : शीतलामाता बाजारात साड्यांच्या दुकानात हिशेबनीस. तो शब्द त्याने बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा दाबून लिहिला होता. मी त्यावर काही बोलले नाही.

पुढचे दोन आठवडे आम्ही गटचर्चा केली, पळणं वाढवलं, दात आणि कान तपासून घेतले, कारण मंडळाने रेकमेंड करूनही, म्हणजे निवडूनही, मुलं वैद्यकीय तपासणीत अडकतात. मोठ्याने आणि सावकाश बोलायला तो अजून शिकतोच आहे. स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे पहिल्या दिवशीच्या चाळणीत, आठ-दहा जण एकदम बोलायला लागले की हा गप्प होतो. ती उणीव आहे, आणि मी त्याला तशीच स्पष्ट सांगितली.

हे लिहितेय तेव्हा तो भोपाळला आहे. पहिल्या दिवशी रात्री फोन आला, स्क्रीनिंगमधून पुढे गेलाय. आज मैदानाचा दिवस असेल.

सकाळी नळ आला होता. मी मुद्दाम त्यांच्या गच्चीवर गेले. दुसऱ्या मजल्यावरची नववीतली मुलगी काठी हातात धरून घड्याळ बघत उभी होती. दारामागच्या यादीखाली सात नंबरच्या अक्षरात नवी ओळ होती : वीज गेली तर घाबरू नकोस, ज्यांचं राहिलं त्यांच्या नावापुढे खूण कर, परवा त्यांच्यापासून.

नऊ वाजता वीज गेली. तिने खडू उचलला आणि अकराव्या नावापुढे खूण केली.