माझा अनुभव: २ गिगाहर्ट्झच्या एफबार ऑसिलेटरला ट्यूनिंगची पट्टी पुरवताना

क्वार्ट्झवरून एफबारकडे (पातळ पिझोइलेक्ट्रिक थराच्या रेझोनेटरकडे) येताना हाताला बसलेले आकडे बाजूला ठेवावे लागतात. मेगाहर्ट्झच्या क्वार्ट्झमध्ये लोड, म्हणजे रेझोनेटरला बाहेरून जोडलेला कपॅसिटन्स, १ पिकोफॅरडने बदलला तर वारंवारता वीस-तीस पीपीएमने (दहा लाखात वीस-तीस भागांनी) सरकते. २ गिगाहर्ट्झच्या ॲल्युमिनियम नायट्राइडच्या एफबारमध्ये तेवढंच काम तीन फेम्टोफॅरड करून जातात. त्यामुळे मी सर्किट काढायला बसण्याआधी रेझोनेटर मोजून घेतो.

नेटवर्क ॲनालायझरवर एका पोर्टचं मापन घ्यायचं, पॉवर -२० डीबीएम ठेवायची आणि बिंदूंमधलं अंतर ५० किलोहर्ट्झपेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. क्यू (रेझोनन्सची तीक्ष्णता) १००० असला तर शिखर जेमतेम २ मेगाहर्ट्झ रुंद असतं. बिंदू विरळ घेतले की टोक निसटतं आणि मोशनल रोध (कंपनात वाया जाणारी ऊर्जा दाखवणारा रोध) फुगलेला दिसतो. प्रोबच्या संपर्कात ०.३ ओहम शिल्लक राहिले तरी ती मोठी चूक आहे, कारण मोजायचा रोधच सव्वा ओहमच्या आसपास असतो. म्हणून कॅलिब्रेशननंतर शॉर्ट पुन्हा मोजल्याशिवाय मी पुढे जात नाही.

हिशेबाला धरलेला रेझोनेटर असा: समांतर कपॅसिटन्स १.२ पिकोफॅरड, मोशनल कपॅसिटन्स ६६ फेम्टोफॅरड, मोशनल इंडक्टन्स ९६ नॅनोहेन्री, रोध १.२ ओहम. लोडमुळे वारंवारता सिरीज रेझोनन्सच्या किती वर जाते हे काढायला मोशनल कपॅसिटन्सला समांतर आणि लोड यांच्या बेरजेच्या दुपटीने भागायचं. लोड ०.६ ते १ पिकोफॅरड फिरवला तर पट्टी, म्हणजे वारंवारता फिरवायला मिळणारी जागा, साधारण ३३०० पीपीएमची मिळते.

ऐकायला हे भरपूर वाटतं. पण उघड्या ॲल्युमिनियम नायट्राइडची वारंवारता दर अंशाला सुमारे २५ पीपीएमने उतरते. -४० ते ८५ अंशांत ३१०० पीपीएम तिथेच संपले. त्यात थरांची जाडी सरसकट हजारात एक भाग चुकली तर आणखी १००० पीपीएम जातात. पट्टी पुरत नाही.

यावर मी रचनेत सिलिकॉन डायऑक्साइडचा थर घेतो. तापमान वाढलं की तो ताठ होतो आणि उतार बराचसा खोडून काढतो. याची किंमत मात्र कपलिंगमध्ये (विद्युत ऊर्जा कंपनात किती उतरते त्यात) मोजावी लागते. कपलिंग ६.५ वरून ३ टक्क्यांवर आलं तर मोशनल कपॅसिटन्स ३० फेम्टोफॅरड होतो, पट्टी १५०० पीपीएमवर येते आणि त्याच क्यूला रोध २.६५ ओहम होतो. पट्टी निम्म्याहून कमी झाली तरी गरज त्याहून जास्त घटली, म्हणून हा सौदा मला पटतो. ट्रिमिंगनंतर जाडीच्या चुकीसाठी ±५०० पीपीएम राखले तरी वर जागा उरते.

करंट मात्र वाढतो. पिअर्स रचनेत (एक ॲम्प्लिफायर, त्याच्या इनपुट-आउटपुटमध्ये रेझोनेटर) दोन्ही बाजूंना १.६ पिकोफॅरड असताना आंदोलन जेमतेम टिकायला पहिल्या रेझोनेटरला ३ मिलिसीमेन्स ट्रान्सकंडक्टन्स (ट्रान्झिस्टरची व्होल्टेजमागे करंट देण्याची क्षमता) पुरतो, दुसऱ्याला ६.७ लागतो. प्रत्यक्षात मी अडीच-तीन पट ठेवतो, आणि तीही लोड सर्वात मोठा असतानाच्या गरजेवर, कारण ऑसिलेटर अडतो तो तिथेच.

हीच जादा ताकद पुढे नडते. रेझोनेटर बाँडवायरने जोडला आणि दोन तारांचा मिळून १.४ नॅनोहेन्री झाला, तर ६ गिगाहर्ट्झच्या आसपास दुसराच ऑसिलेटर तयार होतो. तिथे रेझोनेटर म्हणजे नुसता कपॅसिटर आणि तारा म्हणजे कॉइल. स्पेक्ट्रम ॲनालायझर ३ गिगाहर्ट्झपर्यंतच लावला असेल तर पडद्यावर काहीच दिसत नाही आणि वाटतं, ऑसिलेटर सुरूच झाला नाही. करंट नेहमीसारखा वाहत असेल तर आधी स्पॅन वाढवून बघावा. तारा आखूड कराव्यात, दोन-दोन समांतर टाकाव्यात. फ्लिप-चिप (तारांशिवाय चिप उलटी टेकवून जोडणं) जमली तर उत्तमच. सुरू झाल्यावर करंट उतरवणारा ॲम्प्लिट्यूड लूपही हवाच, पण चुकीची वारंवारता आधी पकडली गेली तर तो तिलाच सांभाळत बसतो.

सिम्युलेशनमध्ये उलटा फसवा प्रकार होतो. एका आवर्तनाला ५०० पिकोसेकंद लागतात. टाइमस्टेप मोठी ठेवली किंवा समीकरणं सोडवायला गिअर पद्धत घेतली की गणिताचंच डॅम्पिंग आंदोलन गिळून टाकतं. मी ट्रॅपेझॉइडल पद्धत आणि ५ ते १० पिकोसेकंदांची पायरी वापरतो.

लोड बदलण्यासाठी स्विचने जोडायच्या कपॅसिटरच्या बँकेत स्विचच्या रुंदीवर सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो द्यावाच. रुंद स्विचचा रोध कमी, पण बंद असताना उरणारा कपॅसिटन्स जास्त, म्हणजे पट्टी आखडते. अरुंद स्विच लोडचा क्यू खातो. ०.८ पिकोफॅरडच्या लोडचा क्यू ५० असला तर त्यात २ ओहम बसतात आणि रेझोनेटरच्या शाखेत त्यातले ०.३२ ओहम पोचतात. पहिल्या रेझोनेटरचा क्यू त्यामुळे ७९० वर येतो, फेज नॉइज (आंदोलनाच्या वेळेतली बारीक थरथर) सुमारे २ डेसिबलने बिघडतो. ऑक्साइडवाल्याचा रोध मुळातच मोठा असल्याने त्याला हा फटका कमी बसतो.

ऑक्साइडवाल्या रेझोनेटरला ४ फेम्टोफॅरडची एक पायरी साधारण १५ पीपीएमची पडते. वरचे बिट थर्मामीटर कोडमध्ये (कपॅसिटर एकेक करून जोडत जाणाऱ्या) घेतो, म्हणजे कोड वाढवताना वारंवारता मध्येच उलटी फिरत नाही. पायऱ्यांमधली जागा भरणारा व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने बदलणारा कपॅसिटर) तीन पायऱ्या झाकेल एवढाच ठेवतो. मोठा व्हॅरॅक्टर सप्लायचा आणि ॲम्प्लिट्यूडचा नॉइज सरळ फेजमध्ये उतरवतो. शेवटी तापमानाच्या दोन्ही टोकांना प्रत्येक कोड मोजतो, कारण शेजारच्या दोन कोडमध्ये व्हॅरॅक्टरने न झाकलेली फट राहिली तर ती खोलीच्या तापमानाला दिसेलच असं नाही.