"माझं मी!" म्हणणाऱ्या लेकीला करू देताना

लेक अडीच वर्षांची झाली आणि घरात दिवसभर एकच वाक्य ऐकू यायला लागलं, "माझं मी!" बूट घालायला घेतले की माझं मी, दार मी लावलं तर ते उघडून परत लावायचं, लिफ्टचं बटण चुकून मी दाबलं की असं काही रडं की विचारू नका. मला तो हट्टच वाटायचा आणि सकाळच्या घाईत तर नकोसा व्हायचा.

एक दिवस निघायची वेळ झालेली, ही सॉक्स घालत बसलेली, टाचेचा भाग वर आलेला आणि ती जीभ बाहेर काढून मन लावून ओढतेय. मी तिच्या हातातून सॉक्स घेतला आणि झटकन चढवला. मला वाटलं आता रडेल. पण ती रडली नाही, तिने गुपचूप दुसरा पाय माझ्यासमोर धरला. आणि पुढचे आठ दिवस सॉक्सला हातच लावला नाही, नुसती पाय पुढे करून बसायची. ते रडण्यापेक्षा जास्त लागलं मला.

मग मी वाचायला लागले. एरिक एरिकसन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी साधारण दीड ते तीन वर्षांच्या टप्प्याला 'स्वायत्तता विरुद्ध लाज आणि शंका' म्हटलंय, म्हणजे या वयात मुलाला एकतर 'मला जमतं' असं वाटायला लागतं नाहीतर स्वतःबद्दलच शंका यायला लागते. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तो पुढे केलेला पाय होता. इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये लहान मुलांसाठी 'मुलांचं घर' नावाची जी शाळा सुरू केली तिथे मुलांना झेपतील अशी छोटी टेबलं-खुर्च्या होत्या, बटणं आणि नाड्या लावायचा सराव करायला वेगळ्या चौकटी होत्या, म्हणजे मुलाला काही शिकवायच्या आधी त्यांनी जागाच मुलाच्या मापाची केली होती. आमच्या घरात काय होतं? सगळं माझ्या मापाचं.

म्हणून एका रविवारी मी चक्क गुडघ्यांवर सगळ्या घरात फिरले. तिच्या उंचीवरून बघितलं तर टॉवेल हाताला येत नाही, नळ लांब, कपडे वरच्या कप्प्यात, पाण्याचं भांडं ओट्यावर. ही प्रत्येक गोष्ट 'आई दे' म्हणूनच मिळणार होती. मग एक हुक खाली लावला, बेसिनपाशी न घसरणारं स्टूल ठेवलं, कपडे खालच्या ड्रॉवरमध्ये आणले. तिचं कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं केलं, ते मात्र सगळ्यात आधी, कारण मुलं उघड्या ड्रॉवरवर पाय देऊन चढतात आणि कपाट अंगावर येऊ शकतं.

सॉक्सचं कोडं सुटलं ते उलटीकडून शिकवल्यावर. सॉक्स टाचेच्या वरपर्यंत मी चढवायचा आणि शेवटचं ओढणं तिचं, म्हणजे काम पूर्ण तिच्या हातून होतं. ते जमलं की टाचेवरून ओढायचं तिने, मग बोटांपासून. पाचव्या-सहाव्या दिवशी तिने दोन्ही सॉक्स घातले, एकाची टाच घोट्यावर आलेली, मी हात मागे धरून उभी होते अक्षरशः. बुटांसाठी एक स्टिकर मधोमध कापून अर्धा एका बुटात आणि अर्धा दुसऱ्यात आतल्या कडेला चिकटवला, चित्र जुळलं की डावा-उजवा बरोबर.

पाण्याचंही तसंच, छोटा जग, तोही अर्धाच भरलेला, शेजारी फडकं. पहिल्यांदा सांडलं तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी फक्त म्हणाले, "फडकं तिथेय." तिने पुसलं, म्हणजे पाणी अजून पसरवलं, आणि ते मी लगेच तिच्यासमोर परत पुसलं नाही, हे माझ्यासाठी फार अवघड होतं. तिने केलेलं आपण तिच्यादेखत पुन्हा केलं की तिला कळतं ना सगळं.

सासूबाईंना हे बघवायचं नाही. "अगं किती झटतेय पोर, घाल की तिला!" मी म्हणायचे, "आई, ती म्हणेल 'मदत कर', तेव्हा करू या." त्यांचं चुकत नव्हतं, त्यांची माया होती ती. पण एक दिवस शर्टात डोकं अडकलेलं तिचं तिने सोडवलं आणि धावत आजीलाच दाखवायला गेली, तेव्हापासून त्याच मला सांगायला लागल्या, "थांब जरा, करतेय ती."

खरी अडचण होती वेळेची. घाईत काहीच शिकवता येत नाही. आम्ही पंधरा मिनिटं लवकर उठायला लागलो, याला दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही. आणि बोलण्यातही बदल करावा लागला. "काय घालायचं?" असं विचारलं की ती गोंधळून रडायची, "निळा की पिवळा?" विचारलं की लगेच ठरायचं. जिथे नाही म्हणायची मुभाच नाही तिथे मी विचारणं बंद केलं, "आंघोळ करायची का?" असं विचारून मग तिचं नाही न ऐकणं बरं नाही. रस्त्यावर हात धरायचाच, गॅसपाशी यायचं नाही, बादलीत पाणी असेल तर आम्ही तिथून हलत नाही, कारण अगदी थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

मधे धाकटा झाला आणि सगळं मागे गेलं, "तूच घाल, तूच भरव." मी आठवडाभर अडून बसले, "तुला येतं ना?" म्हणत राहिले, ते माझं चुकलं. येत होतंच तिला, तिला हवी होते मी. मग घालून दिलं, मांडीवर घेऊन दिलं. महिनाभरात ती आपणहून परत सॉक्स ओढायला लागली.

आता साडेचार वर्षांची आहे. शर्टाची बटणं खालून लावायला सुरुवात करते, म्हणजे वर-खाली होत नाहीत, हे तिचं तिने शोधलंय. गळ्यापाशी पोचली की ते बटण तिला दिसत नाही, हनुवटी वर करून माझ्यासमोर येऊन उभी राहते आणि म्हणते, "हे एकच तू लाव." मी तेवढं एकच लावते.