लाभपांचम उलटू द्या, मग दीवला जा (माझा अनुभव)

बडोद्यात दिवाळीच्या सुट्टीत कुठे जाणार हा प्रश्न नवरात्रातच सुरू होतो, आणि आमच्याकडे त्याचं उत्तर दरवर्षी गोवा असं येऊन दरवर्षी रद्द होतं. यावेळी एका एजंटकडून चौघांचं रीतसर कोटेशन घेतलं. विमान, हॉटेल, नाश्ता धरून आकडा 70 हजारांच्या वर, त्यात जेवण नाही, गाडी नाही. नवरा म्हणाला एवढ्यात घरातला फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन्ही बदलून होतील. लेक चिनू म्हणाली तिला फ्रिज नको समुद्र पाहिजे. मग मी म्हटलं समुद्र गुजरातलाही आहे की, दीवला जाऊ.

यावर सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, कारण बडोद्यात "दीवला चाललो" म्हटलं की समोरचा डोळा मारतो. गुजरातेत दारूबंदी, दीव गुजरातला चिकटून असलं तरी केंद्रशासित, तिथे खुली. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळ झाली की अहमदाबाद, राजकोट, भावनगर सगळीकडून गाड्या तिकडे निघतात आणि रविवारी दुपारी डोळे चोळत परत येतात. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिथे सगळी पिणारी मंडळी, आपण काय करायचं?" पण मला त्यातच आपला फायदा दिसत होता. गर्दी जर शनिवार-रविवारच्या बाटलीसाठी येत असेल तर खोल्यांचे भावही शनिवार-रविवारचेच असणार ना, मंगळवारी कोण येतंय तिथे?

मी दोन-तीन हॉटेलांना फोन करून एकच प्रश्न विचारला, हीच खोली शनिवारी कितीला आणि मंगळवारी कितीला. शनिवारी जी अडीच-तीन हजारांना सांगत होते ती मंगळवारी बाराशे-पंधराशेला. दिवाळीच्या ऐन दिवसांत तर पाच हजारांच्या खाली बोलायलाच तयार नाहीत. आता इथे गुजरातमध्ये राहण्याचा उपयोग बघा. दिवाळीत सगळा व्यापारी वर्ग फिरायला बाहेर पडतो पण लाभपांचमला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, दुकानाचं मुहूर्त करायला घरी परत आलेला असतो, आणि शाळांची सुट्टी मात्र 21 दिवसांची, म्हणजे लाभपांचम झाल्यावरही पोरांना दहा-बारा दिवस मोकळेच. त्या मधल्या दिवसांत सोमवारी रात्री निघायचं आणि शुक्रवारी गर्दी आत शिरायच्या आधी आपण बाहेर पडायचं, असं ठरलं. ज्यांना दुकान आहे त्यांना हे जमणार नाही, पण आम्ही नोकरीवाले, रजा टाकली की झालं.

फोनवर खोली बुक करताना मी ॲपवरचा भाव समोर ठेवून थेट मालकाशी बोलले. ॲपवाल्यांचं कमिशन त्याला द्यावं लागतं, ते वाचलं तर तो आपल्यालाही काहीतरी सोडतो, फक्त तसं तोंडाने मागावं लागतं आणि आपल्या मराठी माणसाला मागायची लाज फार. सासूबाईंना नाही. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि गुजरातीत "भाई, एक खाट वधारे नाखजो ने, एना पैसा नहीं आपीए" असं म्हणून एक्स्ट्रा बेड फुकटात पाडून घेतला. वर गरम पाणी सकाळी किती वाजेपर्यंत येतं तेही विचारलं, जे मला सुचलंच नसतं.

जायचं कसं, तर एसटीने. लक्झरीवाले थेट दीवला सोडतात, पण सुट्टीत त्यांचं भाडं रोज वेगळं असतं. एसटीचं भाडं ठरलेलं, आणि जाण्यायेण्याचं एकदम काढलं तर परतीला थोडी सूटही. आम्ही उन्यापर्यंतची रात्रीची गाडी घेतली. रात्र गाडीत गेली म्हणजे एका रात्रीचं हॉटेल वाचलं. झोप कुणाला नीट लागली नाही, भावनगरच्या पुढे रस्ता काही ठिकाणी हाडं मोजतो, पण उजाडता उजाडता उन्याला उतरलो तेव्हा हवेला खारट वास यायला लागला होता. उन्याहून दीव पंधरा किलोमीटरच्या आसपास, शेअर रिक्षा सारख्या सुटतात. आधी येतं घोघला, ते दीवमध्येच मोडतं पण जमिनीच्या बाजूला, मग खाडीवरचा पूल, आणि पूल ओलांडला की बेट.

आणि ते शहर इतकं विचित्र आहे की विचारू नका. बाकी सौराष्ट्रासारखंच गुजराती बोलणारं, फाफडा-जिलेबी खाणारं गाव, आणि मध्येच एक पांढरंशुभ्र भलंमोठं चर्च. सेंट पॉल चर्च 1610 च्या आसपासचं, आतलं लाकडी कोरीवकाम बघत बसावं असं, आणि ते आजही चालू आहे. सेंट थॉमस चर्चचं म्युझियम झालंय. सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये तर दवाखाना चालायचा. गल्ल्या अरुंद, घरं निळी-पिवळी-गुलाबी, आणि बरीचशी कुलूपबंद. चौकशी केली तर चहावाला म्हणाला मालक लंडनला, नाहीतर लेस्टरला. 1961 च्या आधी इथे पोर्तुगीज राज्य होतं, त्या वेळी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं, त्या पासपोर्टवर अर्धी गल्ली इंग्लंडला गेली. म्हणजे ज्या राज्याला 19 डिसेंबर 1961 ला घालवलं त्याच राज्याच्या कागदावर आज घरं चालतात. चहावाल्याला यात काही गंमत वाटत नव्हती, त्याचा स्वतःचा भाऊ तिकडेच होता.

पहिल्या दिवशी दोन स्कूटर भाड्याने घेतल्या. बेट सपाट आणि लांबुळकं, पूर्वेच्या टोकाला किल्ला आणि पश्चिमेला वणाकबारा, अर्ध्या तासात या टोकाहून त्या टोकाला. रिक्षाने फिरलात तर दिवसाला दुप्पट जातील आणि रिक्षावाला प्रत्येक ठिकाणी "चलो, चलो" करेल. स्कूटर घेताना आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढून घ्या, ओरखडे, आरसा, सगळं, आणि ते त्याच्यासमोरच काढा म्हणजे परत देताना वाद नाही. लायसन्स लागतं. पेट्रोल टाकीत नावापुरतं असतं, तेव्हा आधी पंप गाठायचा. भाव मंगळवारचा आणि तीन दिवसांचा एकत्र म्हटल्यावर त्याने आपणहून कमी केला.

किल्ल्यात अर्धा दिवस गेला आणि मला तो तिथल्या बीचपेक्षा जास्त आवडला. यात आम्हा बडोदेकरांचा पण संबंध आहे बरं का. 1535 मध्ये हुमायूनने आपलं चांपानेर, म्हणजे पावागडच्या पायथ्याचं, घेतलं. गुजरातचा सुलतान बहादूरशहा पळत सुटला आणि मदतीच्या आशेने त्याने पोर्तुगीजांना दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली, जी ते कितीतरी वर्षं मागत होते. दोन वर्षांत, 1537 ला, तोच बहादूरशहा दीवजवळच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत मेला, आणि मग 1538 आणि 1546 चे मोठे वेढे सोसूनही हे फिरंगी सव्वाचारशे वर्षं हलले नाहीत. चिनूला पावागड म्हणजे फक्त रोपवे माहीत, तिला हे सांगितल्यावर ती तोफेवर बसून म्हणाली, "म्हणजे चूक आपल्याकडच्याच माणसाची." किल्ल्याच्या एका भागात तुरुंग होता आणि काही वर्षांपूर्वी अख्ख्या तुरुंगात एकच कैदी होता, पेपरात आलं होतं. बुरुजावरून पाण्यात उभा असलेला पाणीकोठा नावाचा छोटा किल्ला दिसतो, दगडी जहाजच उभं केल्यासारखा.

सासूबाई बराच वेळ तिथे कठड्याला टेकून बसल्या. त्यांचे वडील गायकवाड सरकारच्या नोकरीत काही वर्षं कोडीनारला होते. कोडीनार इथून फार लांब नाही, आणि ते तेव्हा अमरेली प्रांतात, म्हणजे बडोदा संस्थानात. वडील सांगायचे की पलीकडे फिरंग्यांचं राज्य, तिकडे जायचं नाही. "आणि बघ, आता मी फिरंग्याच्या घरात बसून चकली खातेय," म्हणाल्या.

चकली घरची. दिवाळीचा फराळ उरलेला असतोच, चिवडा, चकल्या, शंकरपाळे, ते डबे भरून आणले होते, बरोबर थेपले आणि छोटी इलेक्ट्रिक किटली. सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचा चहा हॉटेलात घेतला नाही, चौघांचे रोजचे चारेकशे तिथेच वाचले. पण एक सांगते, सगळीकडे असं मन मारून वाचवायचं नाही, नाहीतर सुट्टी कसली, घरीच बसा. आम्ही सीकेपी, मासे सोडून काहीही वाचवू. सकाळी दीवच्या मासळी बाजारात सासूबाई आणि मी गेलो. ताजे बोंबील, कोलंबी, मधल्या आकाराचं पापलेट. बडोद्यात मासे मिळतात पण बर्फातून आलेले, हे डोळे चमकणारे. मासेवालीशी त्यांची गुजरातीत जी जुंपली, ती बाई शेवटी हसायला लागली आणि मूठभर कोलंबी वर टाकली. हॉटेलशेजारच्या छोट्या खानावळीत करून द्यायचे वेगळे पैसे घेतात, मसाला सासूबाईंचाच, पुडीत बांधून आणलेला. मेन्यू कार्डवरच्या भावाच्या जवळजवळ निम्म्यात चौघं पोटभर जेवलो. फक्त आधी दर ठरवा, जेवल्यावर नाही. नवऱ्याने तिथेच बसून एक बिअर प्यायली, आईसमोर, आणि आई म्हणाल्या "कडू असेल ना रे", विषय संपला.

आता बीच. नागवा बीच फोटोत असतो तो, घोड्याच्या नालासारखा वळलेला. तिथे पॅरासेलिंग, बनाना राइड, उंट, मॅगी, सगळं आहे, आणि सगळ्याचा पहिला सांगितलेला भाव खोटा. चिनूला पॅरासेलिंग करायचंच होतं, मग दुपारी ऊन चढल्यावर गिऱ्हाईक नसताना गेलो, आपोआप भाव उतरला. नागव्याजवळची खरी गंमत म्हणजे तिथली होकाची झाडं. ताडाचाच भाऊबंद, पण ताड कसा एका सोटात सरळ वर जातो, याला मध्येच फांद्या फुटतात, एकाचे दोन, दोनाचे चार. आपल्याकडे असं दिसत नाही. पोहायला मात्र घोघल्याचा बीच बरा, लांबलचक, स्वच्छ, चांगल्या किनाऱ्यांना देतात तो ब्ल्यू फ्लॅग मिळालेला, आणि मंगळवार-बुधवारी तिथे आम्ही आणि दोन कुत्री. पश्चिमेकडच्या गोमतीमाता बीचवर लाटा मोठ्या आणि माणूस कुणी नाही, तिथे पाय भिजवा पण आत जाऊ नका.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी इथे इतक्या आहेत की यादी करत बसत नाही. गंगेश्वरला फुदमजवळ खडकात पाच शिवलिंगं आहेत, भरतीच्या लाटा येऊन अभिषेक करून जातात, तेव्हा भरतीची वेळ बघून जा. नायडा गुहांत चिनू आणि बाबा दोघंच शिरले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत, फोटो काढत होते. चक्रतीर्थच्या बाजूला खुकरीचं स्मारक आहे. 9 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही. त्याच नावाची नंतरची युद्धनौका निवृत्त झाल्यावर 2022 मध्ये दीवला दिली, तीही इथेच आहे. शंखशिंपल्यांच्या म्युझियमला थोडं तिकीट आहे. जहाजावरच्या एका कॅप्टनने जन्मभर जमवलेले शंख, आणि बघायला भिंगं लावलेली. सासूबाई तिथून निघेचनात, प्रत्येक भिंगाला डोळा लावून झाला.

खर्च विचाराल तर बस, खोली, स्कूटर, पेट्रोल, मासे, चिनूचं पॅरासेलिंग सगळं मिळून 17 हजारांच्या आत. यातला मोठा वाटा दिवस निवडण्याचा, थेपल्यांचा नाही. तेच आम्ही दिवाळीच्या पाडव्याला गेलो असतो तर नुसत्या खोलीलाच एवढे गेले असते.

शुक्रवारी सकाळी मासे खाऊनच निघालो. निघण्याआधी नवऱ्याच्या ऑफिसमधल्या दोघांचे फोन येऊन गेले, "एक घेऊन ये ना यार", त्याने स्पष्ट नाही सांगितलं. हे मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा, दीवमध्ये प्यायला हरकत नाही पण बाटली हद्दीबाहेर आणली की गुजरातच्या कायद्याने सरळ गुन्हा, एक असो की दहा. घोघल्याच्या पुढे चेकपोस्टवर रिक्षा थांबवली आणि पोलिसाने आमच्या बॅगा उघडायला लावल्या. सासूबाईंच्या पिशवीत तपकिरी रंगाची बाटली निघाली, लेबल निघून गेलेली. त्याने ती उजेडात धरली, बूच उघडून वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"आमां शुं छे, बा?"

"घूंटणनुं तेल छे, भाई. लगाडी आपुं?" (गुडघ्याचं तेल आहे, लावून देऊ?)

तो इतका हसला की बाकीच्या पिशव्या राहूनच गेल्या. मागच्या गाडीवाल्याची मात्र डिकी, सीटखाली, स्टेपनी सगळं बघणं चाललं होतं. आमचा रिक्षावाला म्हणाला तुम्ही बरोबर वेळेत निघालात, संध्याकाळी हाच फेरा तो दुप्पट भाड्याने करणार होता, आणि तरी रिक्षा रिकामी राहणार नव्हती.